संगत आणि पंगत : उपनगरांतील गुरुद्वारांचे धर्मजीवन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात आपले देरासर, आपला उपाश्रय आणि आपली पाठशाळा यांविषयी बोलले जाणे स्वाभाविक आहे. आजचा विषय मात्र शेजारच्या घराचा आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत देरासर आणि गुरुद्वारा यांतील अंतर बहुधा एका रिक्षाभाड्याइतकेच असते. उंच काठीवर फडकणारे निशाण साहिब येता-जाता दृष्टीस पडते, गुरुनानक जयंतीच्या मिरवणुकीने रस्ता घटकाभर अडतो, आणि परिचय तेथेच थांबतो. बाजारपेठेत, सोसायटीच्या सभेत, मुलांच्या शाळेत ज्यांच्याशी नित्याचा संबंध येतो त्यांच्या उपासनास्थानात पहाटे काय घडते आणि रात्री काय घडते, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते.

संख्येने हा समाज लहान आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जैन सुमारे चौदा लाख होते, तर शीख सुमारे सव्वादोन लाख. आपण स्वतःस अल्पसंख्य म्हणवतो. या राज्यात शीख आपल्या सहाव्या हिश्शाइतकेही नाहीत. असे असूनही दाराशी आलेल्या कोणासही, जात, धर्म वा कारण न विचारता जेवू घालण्याची प्रथा हा समाज पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आला आहे. केवळ देणग्यांच्या बळावर ही गोष्ट होत नाही. ती कशाच्या बळावर होते, हे पाहण्यासाठी गुरुद्वाराच्या उंबरठ्यापासून सुरुवात करणे बरे.

प्रथम हा समाज येथे कसा वसला ते थोडक्यात पाहू. फाळणीपूर्वीही मुंबईत शीख होते. मोटारींचा व वाहतुकीचा धंदा त्यांनी आपलासा केला होता. माटुंग्याचे गुरु नानक खालसा महाविद्यालय १९३७ सालचे. त्याच्या उभारणीमागे शीख नेते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यातील विचारविनिमय होता, हे आज कित्येकांस माहीत नाही. धर्मांतराचा विचार करीत असता १९३६ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब अमृतसरच्या शीख परिषदेस गेले होते. तो विचार पुढे वेगळ्या दिशेने गेला, महाविद्यालय मात्र राहिले.

१९४७ नंतर चित्र पालटले. पश्चिम पंजाब आणि सिंधमधून निघालेली कुटुंबे उल्हासनगर, चेंबूर, मुलुंड आणि शीवचा कोळीवाडा येथील निर्वासित वसाहतींत आली. हार्बर मार्गावरील कोळीवाडा स्थानकास पुढे गुरू तेग बहादूर नगर हे नाव मिळाले, तेही याच वस्तीमुळे. मुलुंड कॉलनी म्हणून आज ओळखला जाणारा भागही निर्वासितांच्या छावणीतून वाढला. घरदार, शेती, दुकान मागे टाकून आलेल्या माणसांना मंदिर बांधण्याची ऐपत कोठून असणार? पण गुरुद्वारा होण्यास इमारत लागतच नाही. श्री गुरु ग्रंथ साहिबची प्रत, ती ठेवण्यास उंच आसन, वर चांदवा, समोर बसण्यास सतरंजी आणि पलीकडे एक चूल, एवढे असले की गुरुद्वारा झाला. संगमरवर, घुमट आणि वातानुकूलन हे सारे मागाहूनचे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. गुरुद्वारात मूर्ती नसते हे आपण जाणतो. मग ग्रंथ हीच त्यांची मूर्ती असे चटकन म्हणून टाकतो. शीख हे मान्य करीत नाहीत. ज्ञानपंचमीस आपण पोथ्यांचे पूजन करतो, ते ज्ञानाच्या आराधनेसाठी. शिखांच्या दृष्टीने ग्रंथ हा साक्षात विद्यमान गुरू आहे. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथाचे संकलन पूर्ण केले. दहावे गुरू गोविंदसिंह यांनी १७०८ साली, आपल्याच महाराष्ट्रात, नांदेड येथे देह ठेवण्यापूर्वी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथास दिले. या घटनेस तीनशे वर्षे झाली तेव्हा २००८ साली नांदेडला जो सोहळा झाला त्याचे स्मरण अनेकांस असेल. ग्रंथ गुरू आहे, म्हणूनच गुरुद्वारातील दिनक्रम एखाद्या वयोवृद्ध, पूज्य व्यक्तीच्या दिनक्रमासारखा असतो. त्यास रात्री विश्रांती असते, पहाटे जाग असते, उन्हाळ्यात वारा घातला जातो आणि ऋतूनुसार वस्त्रे बदलली जातात.

पहाटे, ज्या वेळेस शीख अमृतवेळा म्हणतात त्या वेळी, ग्रंथी स्नान करून विश्रामकक्षातून ग्रंथ मस्तकावर घेऊन दरबारात येतो. सोबतचे लोक चालताना नामोच्चार करतात, एखादा पुढे पाणी शिंपडतो. मंजी म्हणजे लहानसा पलंगवजा चौरंग. त्यावर गाद्या, त्यावर ग्रंथ. रेशमी वस्त्र, ज्यास रुमाला म्हणतात, ते बाजूस सारून ग्रंथ उघडला जातो. या क्रियेस ‘प्रकाश’ असे नाव आहे. जे पान उघडेल त्याच्या डाव्या अंगाचा पहिला शबद वाचला जातो. तोच त्या दिवसाचा हुकमनामा, म्हणजे गुरूची आज्ञा. पुष्कळ गुरुद्वारांत तो बाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवतात. दुकान उघडण्याच्या घाईत असलेला माणूस दाराशी थांबतो, फळा वाचतो, पायरीस हात लावून कपाळास लावतो आणि निघतो. दिवसभर मनात घोळविण्यास त्यास एक वाक्य मिळालेले असते.

त्यानंतर कीर्तन. मराठी श्रोत्यास कीर्तन म्हटले की पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान आठवते. गुरुद्वारातील कीर्तन म्हणजे ग्रंथातील पदांचे रागदारीत गायन. ग्रंथाची मांडणीच मुख्यतः रागांनुसार आहे. दोन रागी पेटीवर, एक तबल्यावर. टाळ्या नाहीत, वन्समोअर नाही. संगत मांडी घालून जमिनीवर बसते. या ग्रंथाच्या १४३० पृष्ठांत केवळ गुरूंची वाणी नाही. कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद आहेत, आणि आपल्या मातीतले संत नामदेवही आहेत. नामदेवांची ६१ पदे त्यात समाविष्ट आहेत. पंढरीचा हा शिंपी पंजाबात गेला. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली, त्याच घुमानमध्ये भरले तेव्हा मराठी माणसास या नात्याची नव्याने आठवण झाली. गुरुद्वारातील शीख आजोबांना ती आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. ते नामदेवांची पदे लहानपणापासून ऐकत आलेले असतात, आणि ग्रंथापुढे मस्तक नमवताना नामदेवांपुढेही नमवीत असतात. वर्णाश्रमाच्या उतरंडीत ज्यांस खालची पायरी मिळाली त्या शिंप्याचे, विणकराचे आणि चर्मकाराचे शब्द गुरुपदी बसविणे, यात जे धारिष्ट होते ते सोळाव्या-सतराव्या शतकाच्या मापाने मोजले पाहिजे.

कीर्तन व कथेनंतर सर्व जण उभे राहून अरदास करतात. अरदास म्हणजे सामूहिक प्रार्थना. तीत गुरूंचे आणि हुतात्म्यांचे स्मरण असते, संगतीतील कोणाच्या घरी बारसे असो वा आजारपण, त्याचा उल्लेख असतो, आणि अखेरीस अखिल मानवजातीच्या कल्याणाची याचना असते. मग कडाह प्रसाद. गव्हाचे पीठ, तूप आणि साखर समभाग घेऊन, मुखाने पाठ करीत तो शिजवायचा असतो. प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घेतात. बड्या देणगीदारास मोठा गोळा आणि झाडूवाल्यास लहान, असे होत नाही. किंबहुना तसे होऊ नये यासाठीच हा विधी एवढा काटेकोर आहे.

येथपर्यंतची उपासना सांगितली ती निम्मीच. दरबारातून उठलेली संगत जिना उतरून लंगरात जाते तेव्हा उपासना संपून जेवण सुरू होते, असे बाहेरच्यास वाटते. शीख परंपरेत लंगर हा उपासनेचाच भाग आहे. पंगत हा शब्द मराठीतही तोच आणि अर्थही तोच. परंतु आपल्याकडे पंगत म्हटली की कोण कोणत्या ओळीत, हा प्रश्न शतकानुशतके तिला चिकटलेला होता. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवाल येथे नियम केला की आधी पंगतीत बसून जेवावे, मगच गुरूंची भेट मिळेल. परंपरा सांगते की खुद्द अकबर बादशहा आला तेव्हा तोही सामान्यांच्या ओळीत जमिनीवर बसून जेवला. ज्या समाजात पाणीसुद्धा जात विचारून दिले जाई, तेथे एका ओळीत, एका उंचीवर बसून एकाच भांड्यातील अन्न खाणे ही मोठीच क्रांती होती. तत्त्वज्ञानाचा ग्रंथ न वाचलेल्या माणसाच्याही ती अंगवळणी पडली, कारण ती रोज दुपारी करावी लागत असे.

या लंगराच्या इतिहासात एका स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी यांनी लंगराची व्यवस्था सांभाळली, आणि त्यांच्या औदार्याचा नामोल्लेख खुद्द गुरु ग्रंथ साहिबमध्ये आला आहे. गुरुपत्नींपैकी तो मान त्यांनाच लाभला आहे.

आपल्या उपनगरांतील गुरुद्वारात रविवारी सकाळी लंगराच्या स्वयंपाकघरात गेल्यास काय दिसते? एका बाजूस स्त्रिया गोल बसून कणकेचे गोळे करीत असतात, तरुण मुले मोठ्या लोखंडी तव्यावर रोट्या उलटत असतात, एखादे निवृत्त गृहस्थ मटार सोलत असतात. रोटीस तेथे ‘प्रशादा’ म्हणतात आणि ती वाढताना वरून टाकीत नाहीत. घेणाऱ्याने दोन्ही हात पुढे करायचे आणि वाढणाऱ्याने ती हातांत ठेवायची. मोटारीतून उतरलेला मालकही हात पसरतो, ही यातील मुख्य गोष्ट. जेवणानंतर ताटे घासण्याच्या मोऱ्यांपाशी रांग लागते, ती ताटे देण्यासाठी नव्हे तर घासण्यासाठी. बाहेर जोडाघरात, म्हणजे चपला सांभाळण्याच्या खोलीत, पांढरी दाढी असलेला कोणी प्रतिष्ठित व्यापारी येणाऱ्यांची पादत्राणे हातात घेऊन, फडक्याने पुसून फळीवर ठेवीत असतो. त्यास ही शिक्षा नसते. ती सेवा त्याने मागून घेतलेली असते. अहंकार विसर्जित करावा असा उपदेश सर्वच धर्मांत आहे. दुसऱ्याच्या चपलेची धूळ हातास लावणे हा त्याचा फार सोपा आणि फार अवघड मार्ग होय.

जैन श्रोत्यांच्या मनात आता एक प्रश्न आला असेल, त्याचे उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. लंगरातील अन्न शाकाहारी असते, मग शीख धर्म शाकाहाराचा आहे काय? तसे म्हणता येत नाही. १९४५ साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने संमत केलेल्या शीख रहित मर्यादेत मुसलमानी पद्धतीने मारलेल्या प्राण्याचे मांस निषिद्ध आहे. मांसाहारास सरसकट मनाई नाही. त्या समाजात याविषयी दोन्ही मते आहेत, काही संप्रदाय पूर्ण शाकाहारी आहेत, तर निहंगांच्या काही ठिकाणी निराळी प्रथा आहे. लंगर सर्वत्र शाकाहारी राहिले याचे एक मोठे कारण म्हणजे पंगतीतून कोणासही उठून जावे लागू नये. आपल्या भोजनशाळेतील नियमांचा उगम जीवदयेत आहे. ताटातील जिवाचा विचार तेथे प्रथम होतो. लंगरात ताटासमोर बसलेल्या माणसाचा विचार प्रथम होतो. दोन वाटा भिन्न आहेत, आणि त्या एकच आहेत असे गोड बोलून सांगण्याने कोणाचाच सन्मान होत नाही. लंगरात कांदा, बटाटा, लसूण असतो आणि रात्रीही जेवण असते. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्याने ते विनयाने सांगितल्यास कोणी रागावत नाही. कडाह प्रसादात मात्र पीठ, तूप, साखर यांपलीकडे काही नसते. तो सूर्यास्तापूर्वी घेण्यास बहुतेक श्रावकांस अडचण पडू नये.

पंगतीच्या उंचीवरून प्रसंगी केवढा संघर्ष होऊ शकतो, याचे उदाहरण परदेशातील आहे. कॅनडातील सरे येथील गुरुद्वारात लंगरासाठी टेबल-खुर्च्या असाव्यात की सतरंजी, या वादातून जानेवारी १९९७ मध्ये हाणामारी झाली. १९९८ साली अकाल तख्ताने आदेश काढला की लंगर जमिनीवर बसूनच घ्यावे. थंड देशात खुर्ची ही सोय आहे असे एका पक्षाचे म्हणणे; सर्व जण एका पातळीवर हाच लंगराचा प्राण, असे दुसऱ्याचे. बाहेरच्यास वाद क्षुल्लक वाटतो. पण ज्या संस्थेचे सारे म्हणणे जमिनीवर बसण्यातच सांगून झाले आहे, तिच्या दृष्टीने खुर्ची साधी वस्तू राहत नाही. आपल्या उपनगरांत यावर मुंबईकरी तोडगा आढळतो : गुडघेदुखीच्या ज्येष्ठांसाठी भिंतीलगत एक बाक, बाकी सर्व सतरंजीवर. उपाश्रयात सामायिकाच्या वेळी मागच्या बाजूस खुर्च्यांची ओळ दरवर्षी थोडी पुढे सरकताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हा वाद परका वाटू नये.

लंगराची खरी परीक्षा २०२० साली झाली. करोनाच्या टाळेबंदीत महामार्गांवरून लाखो मजूर गावाकडे निघाले. यवतमाळ जिल्ह्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गावरील करंजीजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये एक लंगर चालते. तेथील बाबा करनैलसिंग खैरा यांचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. आसपास दूरवर खाणावळी बंद, ढाबे बंद. त्या लंगराची चूल मात्र विझली नाही. सुमारे दहा आठवड्यांत वीस लाख लोकांना तेथे अन्न मिळाले, असे वृत्तसंस्थांनी तेव्हा प्रसिद्ध केले. त्याच काळात पंजाबातून हजूर साहिबच्या दर्शनास आलेले हजारो यात्रेकरू नांदेडमध्ये अडकून पडले होते. त्यांचीही सोय लंगरानेच केली. अशा प्रसंगी समिती बसवून योजना आखण्यास अवधी नसतो. रोज स्वयंपाक करणाऱ्या हातांना पाचशेऐवजी पाच हजारांचा स्वयंपाक करता येतो. वर्षातून एकदा वाढणाऱ्या हातांना तो येत नाही.

नांदेडचा उल्लेख आला म्हणून सांगितले पाहिजे की सर्व गुरुद्वारांतील रीत एकसारखी नाही. सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंह यांच्या काळात, १८३२ ते १८३७ च्या दरम्यान उभी राहिली. रहित मर्यादेस दिव्यांची आरती मान्य नाही, पण हजूर साहिबला ती होते. तेथे गुरूंच्या शस्त्रांना चंदनाचा टिळा लागतो. दख्खनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या शिखांनी जपलेली ही जुनी परंपरा आहे, आणि मुंबईचे शीख तिच्यापुढे तितक्याच श्रद्धेने नतमस्तक होतात.

हे सर्व ऐकून गुरुद्वारात सारे आदर्शच आहे असे कोणी समजू नये. तेथील जाणती माणसेही तसे म्हणत नाहीत. पंगतीने जातिभेद मोडला, पण विवाहाच्या जाहिरातींतून तो गेला नाही, आणि पंजाबातील अनेक गावांत निरनिराळ्या जातींचे गुरुद्वारे वेगळे आहेत. स्त्रीस ग्रंथ वाचण्याचा व कीर्तनाचा अधिकार तत्त्वतः आहे, आणि उपनगरांत स्त्रियांचे सत्संग नित्य चालतात. परंतु अमृतसरच्या हरिमंदिर साहिबात स्त्रियांना कीर्तनाची संधी मिळावी असा ठराव पंजाब विधानसभेस २०१९ च्या नोव्हेंबरात करावा लागला. ज्या परंपरेत माता खीवींचे नाव ग्रंथात आहे तेथे हे घडावे, याचे दुःख शीख स्त्रियाच अधिक स्पष्टपणे बोलून दाखवितात.

दुसरा प्रश्न आपल्या उपनगरांशी अधिक निगडित आहे. मुलुंड, चेंबूर, उल्हासनगर येथे गुरू नानकांची भक्ती केवळ केशधारी शिखांची नाही. सिंधी समाजातील नानकपंथी कुटुंबांनी फाळणीत सिंधमधून येताना ग्रंथही आणला, आणि त्यांच्या दरबारांत तो झुलेलाल व अन्य देवतांच्या सान्निध्यात ठेवला जाई. ज्या घराण्यांत केस राखले नाहीत, पण लग्नाआधी अखंड पाठ मात्र चुकविला नाही, अशी पुष्कळ घराणी आहेत. जानेवारी २०२३ मध्ये इंदूर येथे निहंगांनी यावर आक्षेप घेतला. जेथे मूर्ती आहेत तेथे ग्रंथाची मर्यादा पाळली जात नाही, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा तेथील सिंधी दरबारांनी अनेक प्रती गुरुद्वारात नेऊन सुपूर्द केल्या. मर्यादेचा आग्रह चुकीचा म्हणता येत नाही. गुरू म्हणून ज्यास मानले त्याच्या आसनाचे नियम असणारच. पण ज्या वृद्धेने आयुष्यभर त्या ग्रंथास चवरी ढाळली, तिने रिकाम्या मंजीकडे पाहून काय म्हणावे? दार सर्वांस उघडे ठेवायचे आणि आतील शिस्तही ढळू द्यायची नाही, ही कसरत प्रत्येक धर्मसंस्थेस करावी लागते. पूजेच्या वस्त्रांचे व आशातनेचे नियम पाळणाऱ्या समाजास तिचे काठिण्य समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी चिंता पुढच्या पिढीची. गुरुमुखी लिपी घरात वाचणारे आजी-आजोबा गेले की ग्रंथासमोर बसलेल्या मुलास अक्षर कळत नाही. म्हणून पडद्यावर शबदाचा हिंदी व इंग्रजी अर्थ दाखविण्याची पद्धत पडली आहे, सुटीत गुरुमुखीचे वर्ग घेतात, पगडी बांधण्याचे शिक्षण देतात. आपल्या पाठशाळेत अर्धमागधी सूत्रे मुखोद्गत करणाऱ्या मुलांची आठवण येथे सहज होते. फरक एवढाच, की सूत्र न येणाऱ्या शीख मुलासही गुरुद्वारात करण्यासारखे काही असते. त्याच्या हाती पाण्याचा जग देतात आणि पंगतीत पाठवितात. सहा वर्षांचा मुलगा दोन्ही हातांनी जग सावरीत, प्रत्येकापुढे वाकून पाणी वाढीत जातो. लिपी त्यास पुढे येईल किंवा न येईल. आपण या घरचे आहोत हे त्या दिवशी त्यास कळलेले असते. स्वामीवात्सल्याची पंगत अनेक ठिकाणी गणवेशातील वाढप्यांकडे गेली, त्यानंतर आपली मुले त्या वेळी कोठे असतात, हा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या एखाद्या बैठकीत अवश्य निघावा.

कारभाराच्या बाबतीत तर आपण सख्खे शेजारी. पंजाबातील ऐतिहासिक गुरुद्वारे १९२५ च्या कायद्यान्वये शिरोमणी समितीकडे आहेत, नांदेडसाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे. मुंबईतील स्थानिक गुरुद्वारे मात्र बहुतांशी आपल्यासारखेच सार्वजनिक विश्वस्त न्यास. तेच धर्मादाय आयुक्त, तेच वार्षिक हिशेब, अध्यक्षपदासाठी तीच चुरस, आणि इमारत निधीवरून तेच रुसवे-फुगवे. तेथेही वाद न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. एवढेच की वाद करणारे दोन्ही पक्ष दुपारी त्याच पंगतीत बसतात. कधी पाठ फिरवून बसतात, पण बसतात.

अखेरीस आपल्या दोन समाजांमधील एका जुन्या ऋणानुबंधाचे स्मरण केले पाहिजे. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरहिंदचा सुभेदार वजीरखान याने गुरू गोविंदसिंहांचे दोन कोवळे पुत्र जोरावरसिंह व फतेहसिंह यांना ठार केले. पितामही माता गुजरी यांनीही तेथेच प्राण सोडला. अंत्यसंस्कारासाठी जागा देण्यास कोणी धजेना. तेव्हा दिवाण टोडरमल यांनी सुवर्णमोहरा जमिनीवर मांडून, जेवढी जागा मोहरांनी व्यापली तेवढी विकत घेतली आणि तिघांचे दहन केले, अशी परंपरा आहे. मोहरा आडव्या नव्हे, उभ्या मांडाव्या लागल्या असेही सांगतात. हे टोडरमल ओसवाल जैन होते असे आपली परंपरा मानते. त्यांच्या कुळाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, तेही नमूद केले पाहिजे. दहनाच्या जागी आज ज्योतिस्वरूप गुरुद्वारा उभा आहे, आणि सरहिंदच्या परिसरातच चक्रेश्वरी देवीचे जैन तीर्थही आहे. तीर्थयात्रेस जाणारे संघ दोन्हीकडे जाऊन येतात. शीख समाज टोडरमलांचे नाव आजही आदराने घेतो.

ज्यांस आपल्या भागातील गुरुद्वारा पाहण्याची इच्छा होईल त्यांनी रविवारची सकाळ निवडावी. डोके झाकावे, रुमाल नसल्यास दाराशी मिळतो. पाय धुवून आत जावे. तंबाखूची पुडी खिशात असल्यास ती बाहेरच राहू द्यावी. कोणी धर्म विचारणार नाही. रात्री जाणाऱ्यास आणखी एक दृश्य दिसेल. सायंकाळचा पाठ, कीर्तन आणि अरदास संपल्यावर ग्रंथ मिटला जातो, रुमाल्यात गुंडाळून मस्तकावर घेतला जातो आणि विश्रामकक्षात नेऊन ठेवला जातो. या क्रियेस ‘सुखासन’ म्हणतात. दरबारातील दिवे मंद होतात. खाली लंगरात कोणी तरी उद्याची डाळ निवडून भिजत घालीत असते.